लिफ्टवाला तिला काय म्हणतो

बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाशी बोलायचं कसं, हे कोणी शिकवत नाही. दोर, ब्रेक, दरवाजे, सगळ्याचं शिक्षण कंपनी देते. पण आत कोंडलेली बाई दारावर मुठी आपटत रडायला लागली की काय करायचं, ते ज्याचं त्यानं बघायचं. आमच्या लिफ्टवाल्याला मात्र ती कला उपजतच होती. हत्यारांची पिशवी खाली ठेवायच्या आधी तो दाराच्या फटीला तोंड लावायचा.

"आई, मी आलोय हं. आता काही घाबरायचं कारण नाही. खाली बसा बघू. पाणी आहे जवळ? नाही? बरं, मग माझ्याशी बोला. नातवंडं किती तुम्हाला?"

वर मशीनच्या खोलीत त्याचा जोडीदार हातानं चाक फिरवून केबिन मजल्याला आणेपर्यंत याची बडबड चालूच. दार उघडलं की आतली बाई याचा ग्रीसनं माखलेला हात धरून बाहेर यायची आणि सोडायलाच तयार नसायची. एकीनं तर कंपनीच्या पत्त्यावर हातानं विणलेले पायमोजे पाठवले होते. जोडीदार चिडवायचे, "याच्या गावभर आया आहेत!" तो हसायचा. कामाच्या जागी तो भलताच मोकळा माणूस होता.

आणि घरी? ज्या बाईनं त्याला लहानाचं मोठं केलं, तिला या गृहस्थानं जन्मात एकदाही हाक मारली नव्हती. आई नाही, मावशी नाही, काकू नाही, अहो नाही की अगं नाही. आता बोला!

ती त्याच्या वडिलांची दुसरी बायको. तो तिसरीत असताना त्याची आई गेली, आणि पुढच्या इयत्तेची पुस्तकं यायच्या आत वडील हिला घरी घेऊन आले. थोरल्या ताईनं त्याला जिन्याखाली ओढून नेलं आणि दम भरला, "आपली आई एकच. हिला आई म्हणालास तर तुझ्याशी कायमची कट्टी." त्यानं गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली. पोरच ते, ताईशिवाय त्याला होतं कोण तेव्हा?

गंमत अशी, की पुढे ताईचं लग्न झालं, पहिलं बाळंतपण झालं, आणि त्या बाळंतपणात हिनं रात्रीचा दिवस केला. तेव्हापासून ताई हिला सरळ 'आई' म्हणायला लागली. म्हणजे नियम केला ताईनं, मोडला ताईनं, आणि हा शहाणा पाळत बसला. त्याला कोणी कळवलंच नाही की बाबा रे, शपथ सुटली. सुरुवातीला तो हट्ट होता. मग सवय झाली. आणि मग लाज. इतकी वर्षं म्हटलं नाही, आता कोणत्या तोंडानं म्हणायचं?

मग निभावलं कसं, विचाराल. खोकून! शाळेचा डबा हवा असला की हा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून घसा खाकरायचा. ती वळायची. "काय रे राजा?" ती त्याला राजाच म्हणायची, पहिल्या दिवसापासून. शर्टाचं बटण तुटलं, खोकला. फी भरायची, खोकला. वडिलांना वाटलं पोराची छाती नाजूक आहे, म्हणून डॉक्टरकडे नेऊन औषध आणलं. ते कडू औषध हिनंच चमच्यानं त्याला पाजलं, बाटली संपेपर्यंत. खोकला कशाचा आहे ते तिला पक्कं ठाऊक होतं, पण नवऱ्याजवळ चकार शब्द काढला नाही.

एक गोष्ट मात्र अशी होती, की ती आठवली की लिफ्टवाल्याला अजून अन्न गोड लागत नाही.

त्याच्या लग्नात घरच्यांचा फोटो काढायचा होता. फोटोग्राफरनं खुर्च्या मांडल्या आणि हॉलभर ऐकू जाईल असं ओरडला, "मुलाची आई कुठे आहे? मुलाच्या आईला बोलवा!" ती तिथंच, दोन पावलांवर उभी होती. तिनं केसांवरून हात फिरवला, एक पाऊल पुढे टाकलंही. आणि नवरदेव म्हणाला, "मला आई नाही."

खोटं होतं का? नव्हतं. म्हणून तर जास्त वाईट. फोटोग्राफर बिचारा ओशाळला, माफ करा म्हणाला, आणि खुर्चीवर काकूला बसवलं. ती आल्या पावली वळली आणि थंडीचे दिवस म्हणून कोपऱ्यात पाहुण्यांच्या कोटांचा ढीग पडला होता, त्यातल्या एकेकाची घडी घालत बसली. फोटोत सगळे हसतायत. तोसुद्धा.

लग्नानंतर त्याची एक सोय झाली. बायको रीतीप्रमाणे सासूला 'आई' म्हणायची, त्यामुळे हा बायकोच्या आडून बोलायला लागला. "तुझ्या सासूबाईंना विचार चहा घेणार का." सासूबाई समोरच बसलेल्या असायच्या! बायको कपाळावर हात मारायची. सासूबाईच मग परस्पर उत्तर द्यायच्या, "घेईन रे राजा, अर्धा कप."

पुढे तो कामासाठी आपला देश सोडून या देशात आला, राबला, घर केलं, परीक्षा देऊन इथला नागरिक झाला. दर रविवारी फोन वडिलांना. "त्या बऱ्या आहेत ना?" एवढं शेवटी विचारलं की कर्तव्य संपलं. मग वडील गेले. त्यांचं घर नोकरीचं होतं, तेही गेलं. ताईच्या संसारात सासू-सासरे आणि दोनच खोल्या, तिथे पाय ठेवायला जागा नाही. ती एका भाड्याच्या खोलीत एकटी राहायला लागली. मधे बोलणारं कोणी उरलं नाही, तेव्हा रविवारचे फोन फारच अवघड झाले. हा इकडून खोकायचा, ती तिकडून म्हणायची, "बोल रे राजा," आणि मग दोघंही हवापाण्यावर बोलून मोकळे.

एके दिवशी फोन शेजारणीनं उचलला. ही न्हाणीघरात पाय घसरून पडली होती आणि दुपारभर तशीच ओल्या फरशीवर पडून राहिली होती. "मी भिंतीपलीकडेच होते हो," शेजारीण सांगत होती, "म्हटलं, हाक का नाही मारली? तर म्हणतात, कोणाला मारू?"

लिफ्टवाल्यानं फोन ठेवला आणि जेवणाच्या टेबलाशी बसला. अनोळखी बायकांना दहा मिनिटं केबिनमध्ये थांबावं लागलं तर हा धावत जिने चढायचा, आणि ही दुपारभर फरशीवर! बायको कामावरून आली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "त्यांना इकडे आणू. कायमचं."

बायको एका दवाखान्यात स्वागतकक्षात बसायची, कागदांना भिणारी नव्हती. अर्ज तिनंच भरला. नागरिकाला आपल्या आईला कायमचं जवळ बोलावता येतं. सावत्र आई असली तरी चालते, मुलगा लहान असताना घरात आलेली हवी. मात्र नातं खरं आहे, नुसतं कागदावरचं नाही, हे मुलाखतीत पटवून द्यावं लागतं. बनावट नाती घेऊन येणारे फार झालेत म्हणे. ती पाहुणी म्हणून आली आणि अर्ज चालू असेपर्यंत त्यांच्याकडेच राहिली. मंजूर झाला तर इथंच. नाही झाला तर परत त्याच खोलीत, त्याच न्हाणीघरात.

पुराव्याला एकत्र फोटो हवे होते. बायकोनं सगळे फोटो टेबलावर पसरले आणि तिचा चेहरा उतरत गेला. एका फोटोत सासूबाईंचा नुसता हात, वाढताना. एकात ती दाराआड. जिथे दोघं आहेत, तिथे मधे अख्खं खानदान उभं. बायकोनं लग्नाचा फोटो उचलला. "इतकी वर्षं माझ्या लक्षातच नाही आलं. यात आई कुठे आहेत?"

त्यानं दुसरेच फोटो चाळायला घेतले. तेवढ्यात मोरीशी त्याच्या शर्टाच्या बाह्यांवरचं ग्रीस घासत उभी असलेली ती मागे न बघताच म्हणाली, "मी कोट सांभाळत होते ना सगळ्यांचे. चोरीला गेले असते तर? त्यानं किती हाका मारल्या, मीच गेले नाही."

सांगून टाकावं बायकोला, असं आतून वाटत होतं, पण तो पसरलेले फोटो गोळा करत बसला.

मग मुलाखतीची तालीम. हातात वरणाचा डाव घेऊन बायको अधिकारी झाली.

"मुलाला लहानपणी कुठे लागलं होतं?"

"डाव्या गुडघ्याला. सायकल भिंतीवर घातली होती त्यानं. टाके घालताना मुळीच रडला नाही, घरी येऊन रडला."

"मुलाला काय आवडत नाही?"

"दुधावरची साय. आणि कोणी डोक्यावरून हात फिरवलेला."

सगळं बिनचूक. मग डाव नवऱ्याकडे वळला. "आईंचं माहेर कुठलं? वाढदिवस कधी? लग्नाआधी काय करायच्या?"

याला एकाचंही उत्तर येईना. एकाचंही! ती लग्नाआधी बालवाडीत शिकवायची, हे त्याला त्या दिवशी कळलं. तिला गाता यायचं, हेही. इतकी वर्षं एका छपराखाली काढली आणि हिच्याबद्दल आपल्याला, भाडेकरूला घरमालकिणीची असते तेवढीही माहिती नाही, या विचारानं त्याला स्वतःची शिसारी आली. तो परीक्षेतल्या पोरासारखा पाठ करायला लागला. मशीनच्या खोलीत ब्रेकचे पॅड बदलता बदलता पुटपुटायचा, माहेर अमुक, वाढदिवस तमुक, आवडता रंग जांभळा. जोडीदारांना वाटलं याला भूतबाधा झाली.

बायकोनं सगळं विचारलं, एक गोष्ट सोडून. तू त्यांना काय म्हणतोस, हे विचारायचं तिच्या मनातच आलं नाही. घरातल्या प्रत्येकाला ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की त्यात विचारण्यासारखं काही आहे हेच कोणाला सुचलं नाही.

मुलाखतीच्या दिवशी ही जांभळा स्वेटर घालून निघाली. कचेरीत खुर्च्यांच्या रांगा, भिंतीवर आकडे बदलणारी पाटी, आणि सगळ्यांच्या मांडीवर फायली. बायको कामावर गेली होती, म्हणून दोघंच. त्यांचा आकडा आला. आधी त्याला एकट्याला आत बोलावलं.

टेबलापलीकडे एक अधिकारी बाई होत्या, सर्दीनं नाक लाल झालेलं. खरं सांगण्याची शपथ घेतली. माहेर, वाढदिवस, बालवाडी, सगळं त्यानं घडाघडा म्हणून दाखवलं. बाई लिहून घेत होत्या. मग नाक पुसत त्यांनी सहज विचारलं, "तुम्ही त्यांना काय म्हणून हाक मारता?"

झालं.

दोन अक्षरांचं काम होतं हो! आई म्हणायचं आणि सुटायचं. रोज कुठल्यातरी दाराच्या फटीतून जो शब्द तो फुकट वाटायचा, तो जिभेवर येईना. आत्ताच घेतलेल्या शपथेचं भय होतंच, पण त्याहून मोठी एक लाज आडवी आली. जन्मात दिला नाही तो शब्द, आणि आज एका सहीसाठी काढायचा? तेही तिच्या माघारी?

"काही नाही," तो म्हणाला. "हाक मारत नाही."

बाईंनी पेन थांबवलं. "मग बोलवायचं असेल तर?"

"जवळ जाऊन बोलतो."

"लांब असल्या तर?"

त्याचे कान तापले. "खोकतो."

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. थट्टा करतोय का, ते बघत असाव्यात. मग काहीतरी लिहिलं आणि त्याला बाहेर पाठवून तिला बोलावलं. ती उठली, जाताना म्हणाली, "घसा सुकलाय का रे? पिशवीत पाणी आहे." आणि आत गेली.

तो बाहेर बसून राहिला. पाणी प्यायला नाही. आपण खरं बोललो याचं समाधान वाटायला हवं होतं, पण जीव नुसता जळत होता. या खरेपणापायी ती परत त्या ओल्या फरशीवर जाणार होती.

थोड्या वेळानं दार उघडलं आणि बाईंनी त्यालाही आत बोलावलं. आवाज आता कोरडा होता.

"तुम्ही सांगितलंत, तुम्ही यांना हाक मारत नाही. या म्हणतात, मुलगा मला आई म्हणतो, पहिल्या दिवसापासून. दोघांपैकी एक जण शपथेवर खोटं बोललंय. कोण?"

तो 'मी' म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात ती खुर्चीतल्या खुर्चीत सावरून बसली.

"मी बोलले खोटं," ती म्हणाली. "तो नाही म्हणत मला आई. काहीच नाही म्हणत."

"मग खोटं का सांगितलंत? यानं तुमचा अर्ज फेटाळला जाऊ शकतो, कल्पना आहे ना?"

"आहे की. सुनेनं दहा वेळा बजावलंय. पण बाई, तुम्ही परक्या. परक्या माणसासमोर पोराची अब्रू कशी घालवायची? तुम्ही काय म्हणाला असता त्याला? म्हणून म्हटलं, आई म्हणतो." ती टेबलाकडे सरकली. "त्याचा राग नका धरू. लहान होता तो, आई गेली होती त्याची. माझ्या अर्जाचं काय व्हायचं ते होऊ द्या. त्याच्या कागदावर काही वाईट लिहू नका."

लिफ्टवाला टेबलाच्या कडेकडे बघत बसला होता. कोणीतरी आपल्याला फाडकन थोबाडीत मारावी, असं त्याला मनापासून वाटत होतं. हॉलमधला तो फोटो, कोटांचा ढीग, आणि आता हे. हिनं आणखी किती झाकून घ्यायचं आपलं?

बाईंनी कागद पुढे ओढला. "या खोलीत बनावट नाती रोज येतात," त्या म्हणाल्या. "त्यांची उत्तरं अगदी तंतोतंत जुळतात. पढवलेली असतात ना." आणि त्यांनी सही केली. "घरी पत्र येईल. पण मंजूर समजा."

ती हात जोडून उठली. तो कसाबसा उठला.

बाहेर रस्त्यावर गर्दी होती. दुपारच्या सुट्टीची माणसं खाण्याच्या गाड्यांपुढे उभी, बस एकामागून एक लागलेल्या. तो फाईल पिशवीत नीट बसवायला थांबला, तेवढ्यात ती आनंदाच्या भरात पुढे निघून गेली, आणि तेही उलट्या बाजूला. त्यांची बस दुसरीकडून सुटायची. जांभळा स्वेटर गर्दीत दिसेनासा व्हायला लागला. तो खोकला. कशाला ऐकू जातंय! पुन्हा खोकला. एका माणसानं नाकावर रुमाल धरून त्याच्याकडे बघितलं.

मग त्यानं पिशवी खांद्यावर टाकली, छाती भरून श्वास घेतला आणि हाक मारली.

"आई!"

ती चालतच राहिली.

"आई! अगं आई, थांब!"

दोन-तीन बायका वळल्या. एका गाडीवालीनंही बघितलं. जांभळा स्वेटर काही वळला नाही. तो पळत सुटला, पळता पळता ओरडत होता, लोक बाजूला होत होते. ती थांबली ती बसथांब्याजवळ, आणि इकडे-तिकडे मान वळवून गर्दीत कोणाला तरी शोधायला लागली. नजर त्याच्यावरून पुढे गेली, पुन्हा पुढे. तो अगदी मागे येऊन पोचला तेव्हा त्याला धाप लागली होती, शब्द फुटेना, आणि सवयीनं घसा खाकरला गेला.

ती चटकन वळली. "काय रे राजा?"

त्यानं बाहीनं कपाळाचा घाम पुसला.

"अरे, कोणीतरी आईला हाका मारतंय मघापासून," ती म्हणाली. "चांगला मोठ्या माणसाचा आवाज आहे. कोणाची तरी आई चुकलेली दिसते गर्दीत. बघ तरी जरा, तू उंच आहेस."

तो मीच, एवढं त्याच्या तोंडून त्या वेळी निघालं नाही. त्यानं खरोखरच मान उंच करून गर्दीवर नजर फिरवली, डोळे पुसायला तेवढाच वेळ मिळाला.

"सापडली," तो म्हणाला.

"बरं झालं बाई," ती म्हणाली, आणि त्याच्या खांद्यावरचा पिशवीचा पट्टा घसरला होता तो वर सरकवून दिला.